बाटलीवरचा कागद

निलंगा-लातूर एसटीत पुढच्या सीटवर रामकिशन आणि तारामती हे म्हातारं जोडपं कुजबुजत होतं. मागं बसलेली आरती मोबाईल सोडून ऐकू लागली.

"तेलाच्या बाटलीवरचा कागद कुठं गेला गं?"

"म्याच खरवडला. गांजाचं पान छापलं होतं त्यावर. पोलिसानं बघितलं म्हंजी?"

"अगं, परवान्याचा नंबर त्याच कागदावर होता! कागद होता तवर ते गांजाचं तेल गुडघ्याचं औषध होतं, आता नुसता गांजा झाला."

"वैद्याची चिठ्ठी दाखवा की."

"चिठ्ठीतलं तेल हेच, हे कोण मानंल?"

"आवं, पुढं नाकाबंदी दिसायलीय!"

"आता गं?"

"धोतर वर घ्या. समदी बाटली चोळते. मग काय धरायचं ते गुडघे धरा म्हणावं!"