रिकाम्या गावातला दिवा

ऐका. शेकोटीच्या जवळ सरका, आणि कोणाला पाणी प्यायचं असेल तर आत्ताच पिऊन घ्या. नंतर एकटं उठायची हिंमत होणार नाही.

मागच्या गावपळणीची गोष्ट. तेव्हाही असेच सगळे शिवेबाहेर, माडाच्या चुडतांच्या खोपी बांधून राहिलो होतो. तीन रात्री देवाने गाव रिकामं मागितलं की माणूस, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं बाहेर. आत जीव म्हणून राहता कामा नये. तर पहिल्याच संध्याकाळी मी ओढ्यावर भांडी घासायला गेले. पुढे दोघी बायका कुजबुजत होत्या, "रिकाम्या गावात एक दिवा फिरतो म्हणे. त्या दिव्यामागे गेलेला माणूस..."

आणि मला बघून गप्प झाल्या. मला बघून लोक गप्प का होतात, ते मला अजून कळलेलं नाही.

परतले, तर शेजारच्या खोपीत विश्राम आणि त्याची बायको सुलभा दबक्या आवाजात भांडत होती. मध्ये चुडताचीच भिंत. ऐकायला येतं, त्याला मी काय करू?

"आते तुमच्यावांगडा टेम्पोत नाय इली?"

"ती तुझ्यावांगडा चलत येवची होती मा?"

समजलं ना? विश्राम शेळ्या घेऊन टेम्पोतून आला, सुलभा शेजारणींबरोबर चालत. भागीआते, विश्रामच्या वडिलांची बहीण, ऐंशीच्या पुढची, डोळ्यांनी अधू. ती दुसऱ्याबरोबर आहे असं दोघांनाही वाटलं. शिवेवर गावाच्या मानकऱ्याने, गावकाराने विचारलं, "तुमचं घर सगळं बाहेर?" विश्रामने देवाचं नाव घेऊन हो म्हटलं होतं.

आता सांगितलं तर काय? आत जीव राहिला म्हणजे देव परतायचा कौल देणार नाही. सगळ्या गावाने आणखी तीन रात्री बाहेर काढायच्या, तान्ह्या पोरांसकट. आणि न सांगावं तर म्हातारी काळोखात एकटी. विश्राम उठला. मी विचारलं, "काय रे, कुठे?" म्हणाला, "शेळी सुटली." शेळी माझ्यासमोर बांधलेली होती.

आपल्या गावात शिरायच्या वाटा तीन. एक डांबरी, तिथे राखणदार बसलेले. दुसरी वरच्या उघड्या सड्यावरून, चांदण्यात लांबून माणूस दिसतो. तिसरी पाणंद, व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या कडेने, दोन्ही बाजूंना दगडी गडगे आणि वर बांबू. विश्राम पाणंदीने गेला.

रिकामं गाव कसं असतं, ठाऊक आहे? कुत्रं भुंकत नाही. दाराला कुलूप, चुलीत राख. आणि अशा बंद घरांतून विश्रामला भाकरी भाजल्याचा वास आला. नुसता वास. पुढे गेला तर उखळात कोणी कांडतंय. हा थांबला की ते थांबायचं. हा चालला की पुन्हा धप्प, धप्प.

व्हाळावरचा साकव आला. पोफळीची खोडं टाकलेली, बघितलाय तुम्ही. साकव ओलांडून हा चालला, चालला, आणि समोर पुन्हा साकव. पुन्हा ओलांडला. पुन्हा तोच. चकवा लागला होता. तेवढ्यात पाठीमागून, अगदी आतेच्या आवाजात, "इश्राम, वायच थांब रे. हात धर माझो."

हात मागे जाणारच होता. पण आते वर मधल्या वाडीत, घरी असायला हवी, ती खालून कशी येईल? त्याने मागे बघितलं नाही. सरळ व्हाळात उतरला. मुलांनो, हे लक्षात ठेवा. व्हाळ सड्यावरून निघतो, मधल्या वाडीला वळसा घालतो आणि खाली खाडीला मिळतो. चकव्याला वाट फिरवता येते, पाणी उलटं वाहवता येत नाही. पाणी पायांवर समोरून आपटतंय तोवर आपण वर चाललोय. तसा तो चढत गेला, आणि वर त्याला दिवा दिसला. त्याच्याच घरापुढच्या खळ्यात, अंगणात. दिव्याच्या रोखाने तो पोचला, आणि दार उघडलं, तर आत मिट्ट काळोख.

"आते गे, दिवो विझवलंस कित्याक?"

"कसलो दिवो? माका दिसाचा नाय, माका दिवो कित्याक व्हयो? आणि हळू बोल, कोंबडी खुडूक आसा."

कोंबडी अंड्यांवर बसली होती. अंडी फुटणं उद्यावर आलं होतं, म्हणून म्हातारी माळ्याखाली लपून राहिली होती. विश्रामने डोकं बडवून घेतलं. मग कोंबडी-अंड्यांची पाटी म्हातारीच्या कडेवर, तिचा एक हात त्याच्या हातात, आणि दोघं पाण्यातून खाली.

साकवाजवळ पुन्हा आवाज. या वेळी सुलभाचा. "आतेक खंय सोडलास? ती मागे पडली हां." एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी अगदी कानाशी, आणि विश्रामची पकड सैल झाली. तशी भागीआते खेकसली, "माझो हात ह्येच्या हातात आसा. तू कोण गो मधी बोलणारी?"

साकवाचं एक खोड उलटून धाडकन पाण्यात पडलं. विश्रामच्या खांद्याला घासून गेलं. दोघं धावत शिवेबाहेर. मागे वळून पाहिलं, तर वर खळ्यात दिवा तसाच, शांत.

सकाळी शेजारच्या खोपीत पिल्लं चिवचिवत होती. गाव सोडताना ती पाटी टेम्पोत नव्हती, मी नीट बघितलं होतं. शिवाय विश्रामचा खांदा सोललेला. मग काय, दुपारपर्यंत सगळं काढून घेतलं. गावकाराला मात्र मी बोलले नाही. देवाने कौल दिला तेव्हा मोजून तीन रात्री रिकाम्या गेल्याच होत्या, असं आपलं मी मानलं.

गावात परतल्यावर आधी त्यांच्या घरी गेले. साखर मागायला. कोनाड्यात दिवा होता एकच. वात कोरडी, त्यावर कोळ्याचं जाळं.

म्हणजे दिवा फिरतो हे खरं. पण त्याच्यामागे गेलेला विश्राम परत आला की. मग त्या बायका पुढे काय म्हणणार होत्या? विचारलं मी. त्या अजून सांगत नाहीत.

पाणंदीने जाऊ नका. कोणी ओळखीच्या आवाजात हात मागितला, तरी नाही. आणि आता झोपायच्या आधी आपल्या घरातलं प्रत्येक माणूस हात लावून बघा. दुसऱ्याबरोबर असेल, असं म्हणू नका.