खाटेखालच्या बाटल्या

हसू नका, माझ्या मायच्या दहाव्याची गोष्ट हाय. उदगीरला आमच्या गल्लीतला दुकानदार सोड्याच्या बाटलीमागं दहा रुपये जास्त घेतो, रिकामी बाटली दिली की परत करतो. पाहुण्यांनी टाकलेल्या बाटल्या माय धुऊन दुकानात न्यायची. आमचे काका मोठे अब्रूवाले. एकदा चारचौघांत ओरडले, "वैनी, आपण काय भंगारवाले हाव का?" तेव्हापासून माय बाटल्या धुवायची आणि खाटेखाली ठेवून द्यायची.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काका हात जोडून म्हणाले, "वैनी, पोराचं लगीन लावतो." कावळा ढिम्म. मी म्हणलो, "माय, तुझ्या बाटल्या मी परत करून येतो."

कावळा शिवला. मला रडू आवरेना. काका कानाशी आले न् म्हणाले, "नेताना पिशवी झाकून ने."