शिवणवाल्या आजींचे गुडघे

हॅलो?… हो, मीच, काका… अगं, तू अजून हॉलच्या बाहेरच? अकराला ना तुमच्या ॲपचं उद्घाटन?… वीस मिनिटं आहेत. बरं बरं.

नाही गं, टीव्ही-बिव्ही काही नाही, काकूनं मिक्सर लावलाय… अगं, दोन मिनिटं बंद कर ते! पोरीचा फोन आहे… हं, बोल.

पडद्यावर? अगदी पहिलाच अभिप्राय?… वाच ना… ‘या ॲपनं मला औषधांच्या वेळा नाही, दुसरी लेक दिली.’… हो, छान आहे. छान म्हणजे, जरा भडकच आहे… कोणी लिहिलंय?… शिवणवाल्या आजींनी. अच्छा.

वाचून ऑफिसात सगळे रडले? तो तुझा चष्मेवाला भागीदारसुद्धा?… अरे देवा.

काय? मंचावर बोलवायचंय? आत्ता?… गाडी कुठे पाठवणार, पत्ता कुठाय तुमच्याकडे?… नको, नको, अगं ऐक ना, त्या यायच्या नाहीत. जिना चढवत नाही त्यांना. दोन्ही गुडघे धरलेत.

…

मला कसं माहीत म्हणजे…

नाही, ओळखीच्या नाहीत… म्हणजे, आहेत तशा…

थांब. आतल्या खोलीत जातो. दार लावतो जरा… आहे, आहे मी फोनवर.

त्या आजी नाहीत, बाळ… छे छे, वारल्या नाहीत! मुळात नव्हत्याच. मीच लिहिलं ते.

…हॅलो?

हो. मीच… त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून रडलीस ना तू? चाचणीला सातच माणसं आली, आता कंपनी गुंडाळते म्हणून?… तुझं ते रडं बघवेना मला. दुसऱ्या दिवशी आजींच्या नावानं खातं काढलं. मग त्यांचे व्याही. मग ते घड्याळं दुरुस्त करणारे… मग थांबवेचना. वहीच केली होती, कोण कसं बोलतं त्याची.

किती म्हणजे… सव्वीस झाले होते ना शेवटी?… त्यातले एकोणीस.

एकोणीस, हो… ओरडू नकोस, लोक बघतील… ओरड. बरोबर आहे तुझं. ओरड.

हो, नावाडी आजोबाही मीच… ठाऊक आहे गं, मोठ्या अक्षरांचं बटण त्यांच्यासाठीच केलंत. पंधरा दिवस खपलात. कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं मला… तेव्हाच बोलायला हवं होतं. शेपूट घातलं.

अगं पण ऐक, ठेवू नकोस. याहून वाईट आहे एक… पोस्टमास्तर आठवतात? ते कडक लिहायचे… हो, खडूस. तेही मीच. पण त्यांनी लिहिलेलं खरं होतं.

ते ‘नंतर’चं बटण. गोळीची घंटा वाजली की आपण ‘नंतर’ दाबतो… एकदा दाबलं तर दहा मिनिटांनी परत वाजते, बरोबर. पण दुसऱ्यांदा दाबलं की वाजतच नाही. वर हिरवी खूण येते, ‘घेतली’ म्हणून… घेतलेली नसते गं!

हो, लिहिलं होतं की त्यांनी! तुम्ही काय उत्तर दिलंत? ‘इतर पंचवीस ज्येष्ठांची काही तक्रार नाही, आपलं बोट चुकून लागलं असेल’… अगं, त्यातले अठरा मीच ना! माझ्याच खोट्यांनी माझं खरं हाणून पाडलं.

मला कसं कळलं?… ते जाऊ दे… सांगतो, सांगतो. रक्तदाबाची गोळी. तीन दिवस हिरवी खूण बघून मी निवांत. चौथ्या दिवशी बँकेच्या रांगेत आडवा झालो… टाके नाहीत गं, नुसतं टेंगूळ… काकूला म्हटलं, उपाशी होतो.

माझ्या नावानं?… माझ्या नावानं पाच तारे. ‘उत्तम. शाब्बास पोरी.’… तोंडावर सांगायला जीभ रेटेना. तुझं कौतुक करायला सोंगं लागली, चूक दाखवायलाही सोंगच लागलं. उभा जन्म असाच गेला माझा.

कोणाला देतेस?… नको, स्पीकरवर नको, अगं… नमस्कार. हो, मी तिचा काका. चष्मे… आपण भागीदार का? नमस्कार, नमस्कार… हो, दोनदा. नवी गोळी टाका. घंटा वाजू द्या… आता ‘नंतर’… घड्याळ पुढे ढकलता? ढकला… वाजली? परत ‘नंतर’…

काय आलं?

…आलं ना हिरवं.

स्पीकर काढा आता, पोरीला द्या.

हं, बाळ… माझ्यावर काय हवं तेवढं चीड, पण आज ते लोकांच्या हातात देऊ नकोस… नाही देत? जाऊन सांगणार? सगळ्यांसमोर?… आणि पैसे घालणारे पहिल्याच रांगेत बसलेत… काय करून ठेवलं मी हे.

नाही, माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला… आणि आत्ता करूच नकोस. मला बरं वाटावं म्हणून म्हणशील.

चूक कोणी शोधली म्हणून सांगू, म्हणतेस?… पोस्टमास्तरांचं नको सांगू. माझं सांग. काकानं शोधली म्हण. आणि त्या अठरांचं कोणी विचारलं, तर तेही काकाच… हो, नाव घेऊन. घे नाव.

मी येऊ का तिकडे?… नको. बरं.

काय?… आजची? सकाळची ना… घेतली की… अगं, घेतली म्हणतो ना… खरंच घेतली, शपथ…

…

हो. मी तरी का विश्वास ठेवला असता म्हणा.

थांब. दार उघडतो… अगं ए, ऐकलंस का? जरा इकडे ये. ते गोळ्यांचं पाकीट घेऊन ये… मी सकाळची गोळी घेतली का, ते पोरीला तुझ्याकडून ऐकायचंय… का म्हणजे?… सांगतो नंतर… नाही, नंतर नको. तीच सांगेल तुला सगळं. धर फोन.