पिवळी पेटी

माझा जन्म संस्थानातला. कुठलं ते लिहू नकोस, नकाशावर शोधायला गेलीस तर सापडायचंही नाही. एक राजा, एक हायस्कूल, एक तुरुंग आणि आठवड्याचा बाजार, एवढंच ते संस्थान. वडील तिथे मास्तर होते. पुढे हेडमास्तर झाले, आणि कसे झाले तेच सांगायला मी तुला बोलावलंय, मृण्मयी. तुला वाटलं असेल हा म्हातारा लीड्समधल्या पहिल्या थंडीचं सांगेल, हॉस्पिटलात गोरे पेशंट काय बोलले ते सांगेल. तुमच्या मराठी मंडळाच्या अंकात दर वर्षी तेच असतं, दहा डॉक्टर आणि दहा थंड्या. माझं ते नको. चहा घे, बिस्किटं समोर आहेत. त्या लाकडी पेटीला मात्र हात लावू नकोस, तिच्याकडे येऊ मग.

तर निवडणूक. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. मंदीचे दिवस, भुईमुगाला भाव नाही, कापूस घरात पडून, आणि शेतसाऱ्याची नोटीस मात्र वेळेवर. लोक बोलायला लागले, तेव्हा त्यांना गप्प बसवायला राजेसाहेबांनी कायदेमंडळ काढलं. जागा थोड्या, पण पक्ष चार. दरबारचा एक, वकिलांचा एक, व्यापाऱ्यांचा एक आणि सारा कमी करा म्हणणारा शेतकऱ्यांचा एक. मत सगळ्यांना नव्हतं, सारा भरणाऱ्यांनाच होतं, आणि त्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नाही, म्हणून प्रत्येक पक्षाला एकेक रंगाची पेटी दिलेली. दरबारची पांढरी, शेतकऱ्यांची पिवळी, वकिलांची तांबडी, व्यापाऱ्यांची हिरवी. मतदाराच्या हातात एक चिठ्ठी द्यायची, त्यानं आतल्या खोलीत एकट्यानं जायचं, आपल्या रंगाच्या पेटीत टाकायची आणि बाहेर यायचं. सोपं होतं सगळं. चुकण्यासारखं काही नव्हतं त्यात.

शेतकऱ्यांच्या पक्षाकडून उभे होते भिकाजी मास्तर शेलार. माझ्या वडिलांच्याच शाळेतले, दोघं एका बाकावर बसून डबा खायचे, एकमेकांच्या डब्यातलं लोणचं पळवायचे. भिकाजी मास्तरांनी राजीनामा दिला आणि गावोगाव फिरले, सांगत सुटले, हळद आठवा आणि पिवळीत टाका, बाकी काही लक्षात ठेवू नका. वडील मला सांगायचे, भिकाजीला आवाज नव्हता, पण माणसं त्याचं ऐकायची. आणि निकाल लागला तेव्हा काय, भिकाजी मास्तरांच्या स्वतःच्या गावच्या केंद्रावर, जिथे घरटी त्यांचं माणूस, तिथे पांढरी पेटी गच्च आणि पिवळीच्या तळाला मूठभर चिठ्ठ्या.

आता गंमत बघ, गंमत कसली, माणसाचं वाटोळं आहे ते. गावातला जो तो म्हणे, मी तर पिवळीतच टाकलं, मग बाकीच्यांना फिरवलं कुणी? मास्तरनंच. दरबारानं मास्तरला फोडला आणि मास्तरनं आतून निरोप फिरवला. आणि भिकाजी मास्तर म्हणत, माझ्या गावानं माझ्या तोंडावर हो म्हटलं आणि आत जाऊन मला विकलं. दोघांनी एकमेकांना फितूर ठरवलं. मास्तरांच्या दारात शेण टाकलं लोकांनी, त्यांच्या मुलाला शाळेत पांढऱ्या म्हणून हाक मारायचे, नाव विसरले त्याचं. शेवटी मास्तर बायकामुलाला घेऊन मुंबईला गेले, कुठल्याशा छापखान्यात मुद्रितं तपासत बसले, आणि परत गावात पाऊल टाकलं नाही. मेले तेव्हा गावचं कुणी आलं नाही.

त्या केंद्रावर अधिकारी कोण होते माहितीये? माझे वडील.

मला हे कधी कळलं ते सांगतो. मी इथे लीड्सला हॉस्पिटलात रजिस्ट्रार होतो, वडील आजारी म्हणून रजा काढून गेलो. दुपारची वेळ, जेवणं झालेली. त्यांच्या उशाशी औषधांसाठी एक लाकडी पेटी असायची, तपकिरी रंगाची, आमच्या लहानपणापासून घरात, आई तिच्यात वाती ठेवायची. मला म्हणाले, ती पेटी दे आणि किल्ली दे. किल्लीनं त्यांनी रंग खरवडला, तपकिरीखालून दुसरा रंग निघाला. म्हणाले, कुठला? मी म्हटलं, पिवळा. म्हणाले, खिडकी लाव, कंदील पेटव. मी म्हटलं, अहो बाबा, भर दुपारी? पेटव म्हणतो ना. मी खिडकी लावली, कंदील पेटवला. म्हणाले, आता कुठला? मी बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, पांढरा.

मग बोलले. ती त्याच केंद्रावरची पिवळी पेटी, निवडणूक आटोपल्यावर त्यांनीच घरी आणून तपकिरी रंगवलेली. मतदानाच्या आदल्या दिवशी दरबारचे कारभारी शाळेत आले, पेट्या कशा मांडल्या ते बघितलं, आणि जाता जाता म्हणाले, मास्तर, मत गुप्त राहिलं पाहिजे, उद्या खिडकी बंद असू द्या, मी कंदील पाठवतो. बस. दुसरा शब्द नाही. पिवळा रंग आधीच पाणी घातल्यासारखा फिकट, पांढरी पेटी दारातून शिरल्याबरोबर पहिली, पिवळी तिच्या शेजारी. कारभारी गेल्यावर वडिलांनी खिडकी लावून बघितलं होतं. त्यांना माहीत होतं. सकाळी पहिल्या तासातच एक म्हातारा चिठ्ठी हातात तशीच घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, मास्तर, आत दोन्ही पांढऱ्याच दिसतात, पिवळी कुठली तेवढं सांगा. आणि माझ्या वडिलांनी सांगितलं, अधिकाऱ्याला बोलता येत नाही, नियम आहे.

नियम होताच, खोटं नव्हे ते. त्यांनी कुणाची चिठ्ठी चोरली नाही, पेटी फोडली नाही. खिडकी लावली आणि नियम पाळला. म्हाताऱ्यामागून दिवसभर माणसं आत जात राहिली आणि हे दाराशी यादी घेऊन बसले. वर्षाच्या आत हेडमास्तर. दगडी घर, घरात नळाचं पाणी, मला शाळेत दरबारची स्कॉलरशिप. मी डॉक्टर झालो तो त्या खिडकीमुळे झालो, हे नीट लिही. मला म्हणाले, भिकाजीला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणे! तीस वर्षं राहिलं. मी विचारलं, आता त्यांच्या मुलाला पत्र लिहू का? तर कुशीवर वळले, म्हणाले, मी गेल्यावर तुला वाटेल ते कर. ते गेले आणि मला वाटेल ते मी केलं, म्हणजे काही केलं नाही. पेटी मात्र इकडे आणली. कशाला आणली विचारू नकोस, मला सांगता येत नाही.

मग शुभदा. तू ओळखतेस तिला, हॉस्पिटलच्या वॉर्डात सिस्टर होती, आता रिटायर. ती मंडळात पहिल्यांदा आली तेव्हा माझ्या पाया पडून म्हणाली, डॉक्टरकाका, आपण एकाच संस्थानातले, मी भिकाजी मास्तरांची नात, आणि हे माझे वडील, अण्णा. अण्णा म्हणजे तोच मुलगा, ज्याला पांढऱ्या म्हणायचे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, गावाकडचं माणूस भेटलं म्हणून डोळ्यांत पाणी. मी हात सोडवून घेतला, म्हटलं, माझं पार्किंग संपतंय. त्यानंतर ते दिसले की मी भटारखान्यात जाऊन उभा राहायचो, बायका म्हणायच्या, डॉक्टरांना भजी फार आवडतात.

शुभदा इथल्या कौन्सिलच्या निवडणुकीला उभी राहिली त्या वर्षीचा पाडवा. तिच्या वॉर्डात पाच पक्षांचे पाच उमेदवार, आणि मंडळातली पोरं तिची लीफलेट वाटायला तयार. हॉलमध्ये तिनं चार शब्द बोलताना आजोबांचं सांगितलं, ते उभे राहिले, हरले, का हरले ते आम्हाला कधी कळलं नाही. आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे वळून म्हणाली, काका, तुमचे वडील त्याच केंद्रावर अधिकारी होते ना, ते काही बोलले होते का तुमच्याशी?

काय सांगू तुला. हॉलभर माणसं, हातात श्रीखंडाच्या वाट्या, सगळे माझ्याकडे बघतायत. एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिही. मी म्हणालो, अगं, कशाला ते विचारतेस चारचौघांत, तुझ्या आजोबांनी गाव दरबाराला विकलं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि वर हसलो. चार लोक हसले माझ्याबरोबर. डॉक्टर बोलले म्हणजे खरंच असणार.

अण्णा तिथेच होते. एक कान गेलाय त्यांचा, पण दुसरा शाबूत आहे. त्यांनी वाटी खाली ठेवली आणि कोट मागितला.

संध्याकाळपर्यंत ते व्हॉट्सॲपवर फिरलं. लीफलेट वाटणारी पोरं कामात अडकली. दारोदार गेली तेव्हा आपलीच माणसं तिला विचारायला लागली, शुभदाताई, तुमच्या घराण्याचं असं असं ऐकलं, खरं का? हरली ती. आमच्या मूठभर घरांमुळे हरली असं मी म्हणत नाही, तिनंही म्हटलं नाही. पण अण्णांनी घराबाहेर पडणं सोडलं, ते कुणामुळे सोडलं हे मला ठाऊक आहे. तो माणूस सातासमुद्रापलीकडे आला तरी माझ्या तोंडून त्याला तीच हाक ऐकू आली. वडिलांनी निदान नियमाच्या आड लपून केलं, मी तर भर उजेडात केलं.

मागच्या महिन्यात गेलो तिच्याकडे. पेटी पिशवीत घालून, दोन बस बदलून. तिनं दार अर्धंच उघडलं. मी पायरीवर उभा राहून सगळं सांगितलं, खिडकी, कंदील, तो म्हातारा, सगळं. मग तिनं विचारलं, पाडव्याला उभे होतात तेव्हा हे माहीत होतं? मी म्हटलं, होतं. म्हणाली, किती वर्षं? मी म्हटलं, पन्नासच्या वर. म्हणाली, काका, वॉर्डात तुमच्या वयाची माणसं रात्रंदिवस उचलली मी, त्यांची घाण काढली, कधी किळस आली नाही. आज येतेय.

मी म्हटलं, अण्णांना भेटू दे, पाया पडतो त्यांच्या. तर म्हणाली, अजिबात नाही. पाया पडून तुम्हाला मोकळं व्हायचंय, दार लावून, दोघांतच. त्यांनी जिथे ऐकलं तिथेच ऐकतील. त्याच हॉलमध्ये, तेवढ्याच लोकांसमोर, त्याच तोंडानं. मी पेटी पुढे केली, म्हटलं, ही तुमची. म्हणाली, ती माझ्या घरात नको. टेबलावर ठेवा सगळ्यांना दिसेल अशी. आणि दार लावलं. बरोबर केलं तिनं. मला तिनं चहा दिला असता तर मी रडलो असतो आणि तेवढ्यावरच भागवलं असतं, मी स्वतःला ओळखतो.

तुमच्या सेक्रेटरींचा फोन आला होता, डॉक्टर, वर्धापनदिनाचा अंक आहे, आनंदाचा प्रसंग, जुनं कशाला उकरता? मी म्हटलं, पाडव्याला उकरलं तेव्हा तुम्ही हसला होतात, आवाज ओळखला मी तुमचा. एक ओळ गाळलीत तर माझं नाव गाळा, फोटो गाळा, देणगीदारांच्या पाटीवरूनही पुसा. मुलगा तिकडे रीडिंग शहरातून फोनवर ओरडतोय, बाबा, आजोबांचं नाव असं नका घेऊ, माझी इज्जत जाईल तिकडे. मी म्हटलं, तुझी इज्जत आपल्या घरात आलीच कुठून ते आधी वाच. तो येणार नाही उद्या. न येवो.

उद्या रविवार, दुपारी दोनला वर्धापनदिन, त्याच हॉलमध्ये. माझा हात थरथरतो, म्हणून तू टाइप करून आण, अक्षर मोठं कर. पण वाचणार मी, तू नाही. शुभदा अण्णांना घेऊन येते म्हणालीय, मला नव्हे, तुला म्हणालीय, माझ्याशी ती बोलत नाही. त्यांना पुढच्या रांगेत बसव, माझ्या उजवीकडे, म्हणजे त्यांचा चांगला कान माझ्याकडे येईल. त्यांनी माफ करावं म्हणून मी वाचत नाही. उठून कानाखाली दिली तरी कुणी मध्ये पडू नका, सांगून ठेव सगळ्यांना.

तुझं भलं होवो, पोरी. या वयाला येशील तेव्हा असं काही सांगायची वेळ तुझ्यावर न येवो. जा आता, उशीर होईल तुला. आणि हे बघ, त्या हॉलच्या मागच्या खिडक्यांचे पडदे नेहमी ओढलेले असतात, प्रोजेक्टरसाठी म्हणून. उद्या लवकर ये आणि ते सगळे उघड. पेटीवरचा सगळा रंग मी काल खरवडून काढलाय, पिवळी आहे ती. मागच्या रांगेतूनसुद्धा पिवळीच दिसली पाहिजे.