खडकीच्या तलावातली उडी

आम्ही कसबा पेठेतले बुरूड. म्हणजे बांबूचं काम, टोपल्या, सुपं, परड्या, आणि गणपती आले की मांडवाचे तट्टे. वडील सकाळी बसले की दुपारपर्यंत उठायचे नाहीत, आई त्यांच्या शेजारी बसून विणायची. आम्ही दोघं भाऊ, थोरला संतोष आणि मी. मी सहा वर्षांचा असताना संतोष मुठा नदीत गेला. पोरांबरोबर पोहायला उतरला, आणि वरनं धरणाचं पाणी सोडलेलं, बाकीची पोरं निघाली, तो नाही निघाला. त्यानंतर आईनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला आणि शपथ घातली, पाण्यात पाऊल टाकायचं नाही. काय सांगू तुम्हाला, शाळेची सहल समुद्रावर गेली तेव्हा मी घरी सुपं रंगवत बसलो होतो.

बारावी झाली, भरतीला उभा राहिलो, धावण्यात निघालो, लेखीत निघालो, आणि ट्रेनिंग आलं कुठं, तर खडकीत. घरनं बसनं अर्धा-पाऊण तास. गल्लीतले म्हणाले, सैन्यात कसला, हा रोज डबा घेऊन जाईल आणि संध्याकाळी घरी येईल. पण त्या फाटकाच्या आत गेलो आणि पुणं जे लांब गेलं ते गेलंच. केस गेले, नाव गेलं, पेटीवर रंगानं नंबर आला, सगळं बोलणं हिंदीत. शेजारच्या खाटेवर गुरमीत, पंजाबातला, घर दोन दिवसांच्या प्रवासावर, आणि मला वाटायचं याच्यापेक्षा माझंच घर लांब आहे.

आणि झोप. त्या दिवसांचं मला दुसरं काही नीट आठवतच नाही, झोपच आठवते. पहाटे उठवायचे, दाढी, बूट, बिछाना, ग्राउंड, मग दिवसभर पळायचं, आणि ती झोप ओल्या घोंगडीसारखी अंगावर तशीच. माणूस उभ्या उभ्या झोपतो हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. सावधानमध्ये उभा आहे, डोळे उघडे, आणि समोर ग्राउंडच्या जागी आमची आळी, भिजत घातलेल्या बांबूचा वास, आई म्हणते चहा झालाय ये, आणि मी निघायचो. मग कानाशी आवाज यायचा, कहाँ चले साहब, आणि बघतो तर मी एकटाच ओळीच्या चार पावलं पुढं. ते आमचे उस्ताद, हवालदार, शिकवणारे. ग्राउंडला पाच चकरा मारायला लावायचे आणि मी त्या चकराही झोपेतच मारायचो.

असं चाललेलं असताना तिसऱ्या आठवड्यात आम्हाला तलावावर नेलं. पोहण्याचा तलाव, एका टोकाला उंच फळी, तिथनं उडी मारायची. आमच्या पलटणीचं काम पुलांचं, होड्यांचं, पोहता नाही आलं तर पुढं जाताच येत नाही. मला हे माहीतच नव्हतं. मला वाटलेलं सैन्य म्हणजे डोंगर आणि बर्फ. शिडी चढून वर गेलो, खाली बघितलं, निळं पाणी, हलतही नव्हतं, आणि शिडीनं परत खाली आलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. उस्तादांनी बाजूला घेतलं आणि पहिल्यांदाच मराठीत बोलले, भीती वाटतीय का. म्हणलं, भीती आहे, पण शपथ जास्त आहे. त्यांना संतोषचं सांगितलं. ते म्हणाले, शपथ ज्याची असती त्यालाच सोडवता येती, मला नाही येत. रविवारी घरी विचार. सोमवारी नाही मारलीस तर मागच्या बॅचमध्ये घालतील तुला.

रविवारी तासभर फोन मिळायचा. आईला सांगितलं. पलीकडनं बांबूच्या कामट्या तासल्याचा आवाज येत होता तो थांबला. मी म्हणलं, आई, तू नाही म्हणालीस तर मी घरी येतो. ती म्हणाली, घरी येऊन काय करशील, परड्या विणशील. तुझ्या बाबांना एक पाटी नीट विणून दाखवली नाहीस कधी. मग म्हणाली, डोक्यावर हात मी ठेवून घेतला होता, मीच काढते. मार उडी. कधी कळेल मला. म्हणलं, पुढच्या रविवारी. म्हणाली, बरं, मग रविवारपर्यंत तू वर आलायस असं धरून चालते.

सोमवारी मारली. कशी मारली सांगता येत नाही, पायांनीच मारली. आत गेलो तर एवढी शांतता, तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणी ओरडत नव्हतं. ऊन वरनं तुकड्यातुकड्यानं खाली येत होतं. भीती कुठंय म्हणून मी शोधत होतो बहुतेक. वाटलं, संतोषनं हेच बघितलं असेल का, असं हिरवं-निळं, आणि त्याला फार दुखलं नसेल, आणि हे आईला सांगावं का नाही. मग पाण्यात बांबू आला, उस्ताद काठावरनं पुढं करतात तो. पकडला आणि वर आलो. गुरमीत काठावर खोकत बसला होता, त्यानं जागा करून दिली. उस्ताद म्हणाले, परत.

ते सात दिवस आई कशी राहिली ते तिनं कधी सांगितलं नाही. वडील सांगतात, तिनं त्या आठवड्यात अकरा टोपल्या विणल्या आणि एकही विकू दिली नाही. रविवारी मी फोन लावला, ती फक्त म्हणाली, हं, आवाज बसलाय तुझा. मग वडिलांकडं फोन दिला.

आता मी पूर्वेकडं आहे, मोठ्या नदीच्या काठी, पुलाच्या कामावर. पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलोय. चार वर्षांची नोकरी, दोन झाली, पुढं ठेवतील का नाही ते त्यांच्या हातात. पोहतो चांगला. नव्या पोरांना मीच पाण्यात उतरवतो, सावकाश उतरवतो. दुसऱ्यांच्या आया फोनवर विचारतात जेवलास का, माझी विचारते, आज पाणी किती. मी खऱ्यापेक्षा हातभर कमीच सांगतो. तिलाही ते कळतं, आणि ती बरं म्हणते. चालायचंच.