वरच्या पट्ट्याला पाणी नको

जबाब, दि. १२/०४/२०२५

माझे नाव भागूबाई रामकिसन काकडे, वय ५८ वर्षे, धंदा शेती, रा. बोरखेडा, ता. सिल्लोड, जि. छत्रपती संभाजीनगर. कोणी बोलावले नसताना आज स्वतः ठाण्यात आले आहे व समक्ष सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. पती चार वर्षांपूर्वी वारले. मुलगा गोकुळ हा मुकुंदवाडीत राहून कंपनीत नोकरी करतो. त्याने काल येथे तक्रार दिली की, आमच्या शेतातील पाण्याच्या यंत्राची पेटी माझा पुतण्या सांडू याने बांधाच्या भांडणातून फोडली. त्यावरून सांडू सकाळपासून बाहेरच्या बाकावर बसून आहे. पेटी त्याने फोडलेली नाही. मी फोडली.

आमचा तीन एकर उन्हाळी भुईमूग आहे. खालचा पट्टा काळीचा, मधला मध्यम, वरचा मुरमाड. तिन्हींना सारखे पाणी दिले तर खाली चिखल होतो आणि वर तहान राहते. म्हणून गोकुळने फेब्रुवारीत यंत्र बसवले. प्रत्येक पट्ट्यात ओल मोजणारी एक नळी पुरली आहे. ती सांगेल तेवढेच पाणी त्या पट्ट्याला तुषारने जाते. गोकुळ ते मोबाईलवर पाहतो. यंत्र चांगले आहे, हे मी रागात असूनही सांगते. खालचे दोन्ही पट्टे आजही तरारलेले आहेत.

मार्चअखेरपासून वरच्या पट्ट्याला पाणी येईना. भुईमुगाचे फूल गळले की त्याची आरी खाली उतरते. माती मऊ असेल तरच आत शिरते आणि शेंग धरते. ते दिवस नेमके हेच होते. मी गोकुळला फोन केला.

"वरचा पट्टा माना टाकायलाय रे. आऱ्या सुटल्यात, आत्ताच पाणी लागतं."

"आई, इथं ओल भरपूर दाखवतंय. वरच्या पट्ट्याला पाणी नको."

"मी इथं उभी हाय. खुरपं जाईना मातीत."

"तुला यातलं कळत नाय. हात लावू नको."

चौतीस उन्हाळे भुईमूग केल्यावर मला यातले कळत नाही, हे पोटच्या पोराकडून ऐकले. तरी दोन वेळा मी हाताने पाणी सोडले. दोन्ही वेळा त्याने मुकुंदवाडीतून ते बंद केले. तिसऱ्या वेळी हाताने सोडायची सोयच त्याने बंद करून टाकली.

दि. १०/०४ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास मी टिकावाने पेटीवर तीन घाव घातले व आतला कॉक फिरवून पाणी सोडले. रागाच्या भरात नळीही उपटली. तिच्याबरोबर चिखल वर आला. सगळा पट्टा भेगाळलेला आणि वीतभर जागा तेवढी ओली. तिथे निंबाखाली आमचा माठ असतो. निंदणीच्या सात बाया तिथेच जेवतात, हात धुतात, डबे विसळतात. नळी पुरायला आलेला माणूस ती पट्ट्याच्या मधोमध पुरणार होता. ऊन होते म्हणून मीच त्याला म्हणाले होते, "दादा, उन्हात कशाला बसता, या निंबाखाली, इथंच पुरा." ही चूक माझी आहे. नळीने ओल बरोबर मोजली, ती आमच्या खरकट्या पाण्याची होती.

पाच वाजता मी गोकुळला फोन करून हे सगळे सांगितले. त्याने विचारले, "पेटी चालू होईल का?" पिकाचे विचारले नाही. मग म्हणाला, "घरच्यानं फोडली म्हटलं तर यंत्रवाली कंपनी पेटी बदलून देत नाय. कुणाला बोलू नको." मी बोलले नाही. त्याने तक्रार दिली हे मला माहीत नव्हते.

आज सकाळी सांडूची बायको तनुजा रडत दारात आली, तेव्हा कळले. मी गोकुळला विचारले. तो म्हणाला, "तसाबी बांधावरून लई माजलाय तो. बसू दे दोन दिवस. तू गप ऱ्हा." मी फोन ठेवला आणि जीपने इथे आले.

मी आत येताना सांडू बाकावरून उठला. मी त्याच्याविरुद्ध सांगायला आले आहे असेच त्याला वाटत होते. तरी म्हणाला, "काकू, बस. उन्हाची आलीस." मला त्याच्याकडे बघवले नाही. त्याला सोडावे. जी कारवाई असेल ती माझ्यावर करावी.

वरच्या पट्ट्याला आता पाणी आहे, पण आऱ्या वरच्या वर वाळल्या. तिथे नुसता पालाच निघेल.

हवालदारांनी लिहिलेले मला सावकाश वाचून दाखवले. त्यात "मुलाने गैरसमजातून सांडूचे नाव दिले" असे आले होते. त्यातला "गैरसमजातून" हा शब्द मी खोडायला लावला आहे. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे व खरे आहे.

सही
भागूबाई रामकिसन काकडे