लिनच्या मोबाईलमधली बाई

कतारमधल्या अल वक्र्याच्या बसची रांग. माझ्या पुढे वर्ल्ड कपच्या स्टेडियमवरचे दोन वेल्डर.

"महिपती, लिनच्या मोबाईलवर जिचे सिनेमे बघतोस, त्या चिनी नटीची भाषा तरी कळती का तुला?"

"भाषा कशाला? आपल्या लिन फोरमननं हातवारे करून सांगितलंय सगळं. चाळीस वर्षं सिनेमात मोलकरीण, आत्ता कुठं सासू झाली. दर सिनेमात मेल्याचं सोंग घेती, लोक रडाय लागले की टुणकन उठून बसती."

"मग काल काय गोंधळ घातलास?"

"लिननं व्हिडिओ दाखवला. बाई फुलांत निजलेली. मी आधीच हसाय लागलो, आता उठंल म्हणून."

"आन्?"

"खरीच गेली हुती."

"अरं देवा! लिन भडकला असंल."

"न्हाय. डोळं पुसलं, व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासनं लावला, आन् माझ्यासंगं वाट बघत बसला."